पाणी देणारी गावं, पाणी मागणाऱ्या बाया

आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत आपल्याच जिल्ह्याबद्दल. मुंबई उपनगर जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंधेरीचं मेट्रो स्टेशन, घाटकोपरची गर्दी, बोरिवलीची ८.१२, मुलुंडचा चेकनाका. नदी कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. शेत तर नाहीच. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या शून्य आहे. पण पत्ता सांगताना आपण काय म्हणतो? दहाणूकरवाडी, कांदरपाडा, एकसर गाव, मरोळ गावठाण, वेसावे कोळीवाडा. खार हे नावच खाऱ्या जमिनीचं. बोरिवली बोरीच्या झाडांची, असं जुनी माणसं सांगतात. कागदावरून गाव गेलं तरी पत्त्यातून ते गेलेलं नाही.

हा सगळा मुलूख म्हणजे साष्टी बेट. सहासष्ट गावांचं म्हणून षट्षष्टी, त्यावरून साष्टी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. मुंबईची सात बेटं दक्षिणेला, माहीम आणि शीवच्या खाडीपलीकडे. साष्टीच्या मधोमध डोंगर, त्यावर जंगल, आणि त्या डोंगरातून उतरणाऱ्या चार नद्या. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, बोरिवली-दहिसरमधून मनोरीच्या खाडीला मिळते. पोईसर नदी राष्ट्रीय उद्यानातून निघून कांदिवलीतून मालाडच्या खाडीकडे जाते. ओशिवरा आरेच्या टेकड्यांतून गोरेगावमार्गे त्याच खाडीकडे. आणि मिठी विहार-पवईकडून निघून मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीत. लांबी म्हणाल तर मिठी सुमारे १८ किलोमीटर, दहिसर १२. गोदावरी-कृष्णेपुढे या अगदीच लहान. पण आपल्या भागातली वस्ती, शेती, देवळं, लेणी, सगळं या लहान नद्यांच्या आधारानं उभं राहिलं.

किती जुनी वस्ती? १९३० च्या दशकात टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याला कांदिवलीजवळ, पोईसर नदीच्या परिसरात अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. आज जिथे आपण रिक्षाची वाट बघत उभ्या असतो, तिथे माणूस हजारो वर्षांपूर्वी पाण्याच्या कडेला बसून दगड घडवत होता.

मग आली कान्हेरी. शाळेच्या सहलीत आपण सगळ्याच तिथे गेलो आहोत. डबा खाल्ला, माकडांनी पिशवी पळवली आणि परत आलो. पुढच्या वेळी जाल तेव्हा लेण्यांच्या दारापाशी खाली बघा. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेकांच्या शेजारी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांना पोढी म्हणतात. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी खडकातल्या पन्हाळींमधून या टाक्यांत उतरवलं जाई. इसवीसनाच्या पूर्वीच्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षूंची वस्ती राहिली, ती या पाण्यावर. पावसाळ्याचे चार महिने संपले की उरलेले आठ महिने कसे काढायचे, हा प्रश्न त्यांनी छिन्नीनं सोडवला होता.

आणि ही टाकी, ही लेणी कोणी दिली? ते भिंतींवर कोरलेलं आहे. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या व्यापाऱ्यांची, सोनारांची, लोहारांची नावं आहेत. त्यांच्या बरोबरीनं भिक्षुणींची आणि घरसंसारी बायकांचीही नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची बाई स्वतःच्या नावानं पाण्याचं दान देते आणि ते दगडात लिहून ठेवते, हे आपल्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिथल्याच एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत दान दिल्याचा उल्लेख येतो. अभ्यासक सांगतात, हे मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे. बोरिवलीच्या बस डेपोमुळे आपल्याला ठाऊक असलेलं मागाठाणे. तिथे शेत होतं आणि त्या शेताच्या उत्पन्नावर डोंगरावरच्या भिक्षूंचं चाले.

कान्हेरीइतकी प्रसिद्ध नसलेली ठिकाणंही आपल्याकडे आहेत. अंधेरीला कोंडिवट्याची महाकाली लेणी, जोगेश्वरीची लेणी, बोरिवलीत दहिसर नदीच्या खोऱ्यातली मंडपेश्वर लेणी. एकसर गावात सहा वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीरांची ही स्मारकं. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांची गलबतं कोरलेली आहेत आणि समुद्रावरची लढाई चाललेली दिसते. ती लढाई नेमकी कोणाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी ती आधीच्या काळातली मानतात, कोणी शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली तेराव्या शतकातली लढाई मानतात. एवढं मात्र दिसतं की इथल्या माणसांना नदी, खाडी आणि समुद्र सारखेच ओळखीचे होते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसईबरोबर साष्टीही पोर्तुगिजांना दिली. मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च आलं. मरोळला १५७९ मध्ये सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च बांधलं गेलं. आज ते सीप्झच्या आवारात पडक्या अवस्थेत उभं आहे. गावोगावची शेतकरी, कोळी कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांचेच वंशज म्हणजे आपले ईस्ट इंडियन शेजारी. त्यांची बोली मराठी, लुगडं मराठी, आणि उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत भरण्याची घाईही आपल्यासारखीच. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी जिंकली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडेच राहिली. राज्यं बदलली तरी गावातलं काम तेच होतं. पावसात भात, पाऊस सरला की वाल आणि भाजी, खाडीच्या काठी मिठागर. आगर म्हणजे मिठागर आणि आगरात राबणारे ते आगरी. भांडुप, कांजूर, मुलुंडची मिठागरं रेल्वेच्या खिडकीतून आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

आता आपण मुख्य गोष्टीकडे येतो. इंग्रजांनी मुंबईचं बेट वाढवलं आणि शहराला साष्टीची गरज पडू लागली. भाजी, भात, दूध, गवत, दगड सगळं इथून जाई. पण मध्ये खाडी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांधरस्ता झाला. माहीम-वांद्र्याच्या बाजूला मात्र होडीशिवाय इलाज नव्हता आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार खर्च करायला तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. अट एकच घातली, की या रस्त्यावर लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. लेडी जमशेटजी रोड हे नाव आपण रोज घेतो, ते या बाईंचं. आज टोलनाक्यावर रांगेत उभं असताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

रस्त्यावरून माल शहरात गेला. पाठोपाठ पाणीही गेलं. मुंबई बेटावर गोड्या पाण्याची नदी नव्हती. विहिरी आणि तळ्यांवर शहराचं भागेनासं झालं. १८५४ च्या उन्हाळ्यात तर शहरात पाण्याचा दुष्काळ पडला. मग सरकारनं साष्टीच्या डोंगराकडे पाहिलं. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे मिठीच्या उगमाच्या खोऱ्यात बांध घातला आणि १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळांनी मुंबईत पोचलं. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. १८९० च्या सुमारास पवईचा तलाव बांधला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. त्याच पवईत फ्रामजी कावसजी यांची मोठी बाग होती. १८३८ मध्ये तिथले हापूस आंबे त्यांनी राणी व्हिक्टोरियाला पाठवले होते. आंबे लंडनला गेले आणि पाणी गिरगावात गेलं.

इथे जरा थांबून विचार करू या. नदीच्या उगमाशीच बांध घातला की खाली काय उरतं? पावसाळ्यात तलाव भरून वाहिला तर ते पाणी. बाकीचे महिने नुसतं पात्र. पात्र कोरडं पडलं की लोकांना ती रिकामी जागा वाटू लागते. त्यात कचरा टाकायला, भराव घालायला, कारखान्याचं पाणी सोडायला कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही. मिठीची गोष्ट अशी सुरू झाली. पुढे विमानतळासाठी तिचा प्रवाह वळवला, धावपट्टीखालून नेला. मुखापाशी जिथे खाजण आणि तिवरं होती, तिथे भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. पाण्याला पसरायला जागा राहिली नाही.

दुसरीकडे साष्टीच्या गावांचं काय झालं? १ ऑक्टोबर १९२० ला मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल आली. शहरातल्या चाळींत न मावणारी कुटुंबं विलेपार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला येऊन राहू लागली. हवा चांगली, भाडं कमी आणि अंगणात विहीर. १९३० मध्ये विलेपार्ल्याला मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली आणि सभ्य घरांतल्या बायका समुद्राचं पाणी भरून आणून मीठ उकळू लागल्या. १९४९ मध्ये शहरातल्या म्हशींचे गोठे हलवण्यासाठी आरेची दूध वसाहत सुरू झाली. म्हशींना गवत आणि मोकळी हवा मिळाली. पण ज्या डोंगरात ती वसाहत झाली, तिथे वारली कुटुंबं आधीपासून शेती करत होती. त्यांच्या शेताचा, वाटेचा, वाघदेवाच्या जागेचा हिशेब त्या वेळी कोणी नीट मांडला नाही. तो आजही पुरा झालेला नाही.

१९५० मध्ये उपनगराचा अलीकडचा भाग आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा सगळा भाग मुंबई महापालिकेत आला. म्हणजे आता आपणही मुंबईकर झालो. नळ मात्र नावाबरोबर आले नाहीत. ज्या डोंगरातून मुंबईला शंभर वर्षं पाणी जात होतं, त्या डोंगराच्या पायथ्याशी गोरेगावात बायका पहाटे तीनला उठून हंडे लावत होत्या.

मृणाल गोरे यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, गोरेगावला राहिल्या आणि १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या. बायकांच्या घरचा पाण्याचा हिशेब त्यांनी पालिकेच्या सभागृहात नेला. किती माणसं, किती हंडे, किती तास. रिकामे हंडे घेऊन बायकांचे मोर्चे निघाले. लोकांनी त्यांना पाणीवाली बाई म्हटलं. १९७२ मध्ये अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांच्या बायकांबरोबर त्यांनी महागाईविरोधी समिती उभारली आणि थाळ्या-लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. १९७७ मध्ये मृणालताई लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा मुंबईत एक घोषणा गाजली: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.

आपण हे हसून आठवतो. पण त्या मोर्च्यांमुळे काय बदललं, ते आमच्या आधीच्या पिढीच्या बायकांनी आम्हाला सांगितलं आहे. नळ दारात आला तेव्हा पहाटेची झोप परत मिळाली. मुलगी वेळेवर शाळेत गेली. मान आणि कंबर सुटली. इतिहासात राजांची नावं येतात, पण घरातल्या मुलीच्या शाळेवर कोणत्या राज्यापेक्षा नळाचा परिणाम जास्त झाला, हे आपल्याला माहीत आहे.

आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ती रात्र कोणी कुठे काढली, हे आपल्यातली प्रत्येक जण सांगू शकेल. कुर्ला, कलिना, साकीनाका पाण्याखाली गेले. दहिसर आणि पोईसरही घरांत शिरल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मिठी नदी हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून आला आणि कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की आपल्याकडे नदी आहे. तोवर सगळे तिला नालाच म्हणत होते.

त्यानंतर खोलीकरण झालं, रुंदीकरण झालं, दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती बांधल्या. गाळ दर वर्षी काढला जातो. भिंतीमुळे पाणी लवकर वाहून जातं, हे खरं. पण त्याच भिंतीमुळे नदीचा काठ गेला. पाणी जमिनीत मुरत नाही, विहिरीला मिळत नाही, आणि भिंतीपलीकडे काय चाललं आहे ते दिसतही नाही. काठावर राहणाऱ्यांची घरं आधी बुडतात आणि आधी हलवलीही तीच जातात. नदी घाण करणाऱ्यांत आपल्या सोसायट्यांची सांडपाण्याची गटारंही आहेत, हे मात्र आपण बोलत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायला थोडं जड जातं. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत विहार आणि तुळशी अजून आहेत, पण त्यांचा वाटा लहान आहे. बहुतेक पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं येतं. म्हणजे ठाणे, पालघर, नाशिककडच्या डोंगरातून. भातसा-तानसाच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण दिसतं अशा पाड्यावरची बाई हंडा घेऊन तासभर चालते. शंभर वर्षांपूर्वी साष्टीच्या गावांवर जी वेळ होती, ती आता तिच्यावर आहे. फरक एवढाच की तेव्हा पाणी देणारे आपण होतो आणि आता घेणारे आपण आहोत. मृणालताईंच्या मोर्च्यात ज्यांच्या आई-आज्या चालल्या, त्यांनी शहापूरच्या बाईचा हंडा परका समजू नये, असं आम्हाला वाटतं.

मैत्रिणींनो, आपला वारसा म्हणजे फक्त लेणी आणि चर्च नव्हेत. विहिरी, तळी, नदीचे काठ, पाड्यांची नावं हाही वारसाच आहे, आणि तो बहुतेक करून बायकांच्या तोंडी आहे. कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, कपडे धुवायला कोणत्या खडकावर जायचे, कोणत्या ठिकाणी पाणी आधी चढायचं, हे गावठाणातल्या, कोळीवाड्यातल्या, पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बाया सांगू शकतात. उद्या गावठाणाची मोजणी झाली, नवी इमारत आली, पुनर्विकासाचा कागद आला, की हीच माहिती लागते. तोवर सांगणारी असेलच असं नाही.

म्हणून आमची तुम्हाला तीन कामं आहेत. पहिलं, आपल्या वस्तीतल्या सर्वांत वयस्क बाईपाशी एक दुपार बसा आणि तिला पाण्याबद्दल विचारा. जे सांगेल ते वहीत लिहा, विहिरीचं नाव, जागा, काठावरचं झाड. दुसरं, आपल्या सोसायटीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं, हे सेक्रेटरींना लेखी विचारा. तिसरं, दहिसर, पोईसर, ओशिवरा किंवा मिठीच्या पुलावरून जाताना बरोबरच्या मुलाला तिचं नाव सांगा. तो नाकाला रुमाल लावील, लावू दे. नाला म्हणाला तर तिथल्या तिथे सुधारा, आणि ती कुठून येते ते डोंगराकडे बोट करून दाखवा.